पाळीव हॅमस्टरच्या आहारातील ताजी फळे : मात्रेचा प्रश्न

हॅमस्टर हा कृंतक गणातील छोटा प्राणी आता शहरांतील पुष्कळ घरांत पाळला जातो. तो पाळणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न एकच असतो : याला कोणते फळ चालते आणि कोणते चालत नाही? उत्तरादाखल बहुधा फळांच्या दोन याद्या पुढे केल्या जातात. एक सुरक्षित फळांची, दुसरी वर्ज्य फळांची. या याद्या अगदीच निरुपयोगी आहेत असे नव्हे. परंतु ‘चालणे’ हा जणू फळाचा अंगभूत गुणधर्म आहे, असे त्यांत गृहीत धरलेले असते, आणि हे गृहीतच सदोष आहे. फळ हितकर ठरेल की अपायकारक, हे ते फळ, त्याची मात्रा आणि खाणाऱ्या प्राण्याची शरीररचना या तिहींच्या संबंधावर अवलंबून असते. सफरचंद सर्वच याद्यांत सुरक्षित म्हणून नोंदलेले आढळते. तथापि रोज सफरचंदाची जाड फोड मिळणारा हॅमस्टर सुरक्षित आहे असे म्हणता येणार नाही.

या प्रश्नाचा शास्त्रीय विचार करण्यास एक अनपेक्षित साधन उपलब्ध आहे. हॅमस्टर घरात येण्यापूर्वी प्रयोगशाळेत आला आणि तेथे दंतक्षय, मधुमेह, आतड्याचे विकार व ऊतिरोपण यांच्या संशोधनात त्याचा उपयोग झाला. या कार्यासाठी त्याची निवड झाली ती त्याच्या शरीरातील काही विशिष्ट दौर्बल्यांमुळे अथवा वैशिष्ट्यांमुळे. फळ देताना जो धोका संभवतो, तो नेमका याच स्थानी असतो.

प्रयोगशाळेतून घरात

सोनेरी अथवा सिरियन हॅमस्टर, मेसोक्रिसेटस ऑराटस, याचे शास्त्रीय वर्णन जॉर्ज वॉटरहाऊस याने १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर जवळजवळ शतकभर हा प्राणी संशोधकांच्या विशेष परिचयाचा नव्हता. काळा आजार या रोगाच्या कुलातील परजीवींवर जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात सॉल अ‍ॅडलर संशोधन करीत होते. चिनी हॅमस्टर या कामास उपयुक्त होता, परंतु बंदिवासात त्याची पैदास होत नसे. अ‍ॅडलर यांच्या गरजेनुसार प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल आहरोनी यांनी १९३० मध्ये सिरियातील आलेप्पो नगराजवळ एका शेतातील बीळ खणवून एक मादी व तिची अकरा पिल्ले मिळविली. त्यांपैकी थोडीच जगली. परंतु जी जगली त्यांची प्रजा झपाट्याने वाढली. १९३१ मध्ये ती इंग्लंडला व १९३८ मध्ये अमेरिकेत पोहोचली. आज जगभर पाळल्या जाणाऱ्या सोनेरी हॅमस्टरांपैकी बहुतांश या एकाच बिळातील कुटुंबाचे वंशज होत.

या उगमाचा आहाराशी निकटचा संबंध आहे. उत्तर सिरिया व त्यास लागून असलेला दक्षिण तुर्कस्तानचा भाग हा धान्य व कडधान्यांच्या शेतीचा, कोरड्या उन्हाळ्याचा प्रदेश आहे. तेथील हॅमस्टर बिया, दाणे, कोवळे अंकुर आणि प्रसंगी कीटक यांवर जगतो व धान्य बिळात साठवितो. रसाळ, साखरयुक्त, माणसाने निवडीने अधिकाधिक गोड केलेली फळे हा त्याच्या आहाराचा भाग नव्हे. पाळीव बुटक्या जाती, म्हणजे कॅम्पबेलचा हॅमस्टर, हिवाळी पांढरा हॅमस्टर व रोबोरोव्स्कीचा हॅमस्टर, याही आशियातील गवताळ व निमवाळवंटी प्रदेशांतून आलेल्या आहेत.

फळ आवश्यक आहे काय?

फळ देण्याचे समर्थन करताना ‘क’ जीवनसत्त्वाचा उल्लेख हटकून होतो. हा समज गिनीपिगवरून आला असावा. गिनीपिगच्या शरीरात हे जीवनसत्त्व तयार करण्यास लागणारे विकर कार्यक्षम नसते. म्हणून माणसाप्रमाणेच त्यालाही ते अन्नातून मिळावे लागते. हॅमस्टरची गोष्ट निराळी आहे. त्याच्या यकृतात ग्लुकोजपासून हे जीवनसत्त्व तयार होते. पाण्यासाठीही फळाची गरज नाही. पिंजऱ्यातील बाटलीत स्वच्छ पाणी असले म्हणजे पुरते. संतुलित दाणा-आहार मिळणाऱ्या निरोगी हॅमस्टरला आयुष्यात एकदाही फळ मिळाले नाही, तरी त्यास कोणत्याही पोषकद्रव्याची उणीव भासणार नाही.

तर मग फळ द्यावेच कशाला? याचे उत्तर पोषणशास्त्रात नसून वर्तनशास्त्रात आहे. नव्या वासाचा शोध घेणे, पदार्थ पंजांत धरून कुरतडणे, हातातून खाऊ घेता घेता माणसाला सरावणे, या गोष्टींनी पिंजऱ्यातील एकसुरी जीवनास वैविध्य येते. हा लाभ खरा आहे. पण तो तुकड्याच्या आकारावर अवलंबून नाही. लहान तुकड्याने जे साधते त्याहून अधिक मोठ्या तुकड्याने साधत नाही. वाढतो तो केवळ धोका.

चार दुर्बल स्थाने

पहिले स्थान गालपिशव्यांचे. हॅमस्टरच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंस खांद्यांपर्यंत पोहोचणाऱ्या दोन लवचिक पिशव्या असतात व त्यांत भरून तो अन्न साठवणीच्या जागी नेतो. या पिशव्यांत लसीकावाहिन्यांचा निचरा जवळजवळ नसतो. त्यामुळे तेथे रोपलेली परकी ऊती शरीराच्या प्रतिकारापासून बराच काळ सुरक्षित राहते. याच कारणाने १९५० नंतरच्या काळात ऊतिरोपण व अर्बुदे यांच्या अभ्यासात या पिशवीचा मोठा उपयोग झाला. कोरडा दाणा पिशवीतून सहज बाहेर येतो. केळ्याचा गर, मनुका किंवा पिकलेल्या आंब्याचा तुकडा मात्र अस्तराला चिकटून बसू शकतो. अडकलेले अन्न तेथेच कुजते, अस्तराचा दाह होतो व पुढे गळू होण्याचाही संभव असतो. एका बाजूचा गाल दीर्घकाळ फुगलेला दिसणे हे याचे बाह्य लक्षण होय.

दुसरे स्थान दातांचे. हॅमस्टरचे पटाशीचे दात जन्मभर वाढतात व कुरतडण्याने झिजतात. त्यामुळे त्याच्या दातांची चिंता नको, असे मानले जाते. परंतु दाढांस हा नियम लागू नाही. त्या मूळयुक्त असून एकदा उगवल्यावर वाढत नाहीत. किडलेली दाढ भरून निघत नाही. अमेरिकेत पॉल कीज यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत साखरयुक्त आहारावरील हॅमस्टरांच्या दाढा किडल्या. एवढेच नव्हे, तर ज्यांच्या दाढा किडत नव्हत्या अशा हॅमस्टरांना किडक्या दाढांच्या हॅमस्टरांसोबत ठेवल्यावर त्यांच्यातही क्षय उद्‌भवला. दंतक्षय हा संक्रमणशील असून सूक्ष्मजीव व साखर हे दोन्ही एकत्र आल्याखेरीज तो होत नाही, हा दंतशास्त्रातील महत्त्वाचा सिद्धान्त या प्राण्याच्या दाढांनी दृढ केला. ज्या दाढांवर तो सिद्ध झाला त्याच दाढांशी गालपिशवीत ठेवलेला गोड तुकडा तासन्‌तास लगटून राहतो, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

तिसरे स्थान पचनमार्गाचे. हॅमस्टरच्या जठराचे दोन कप्पे असतात. पहिल्या अग्रजठरात ग्रंथी नसतात व तेथे सूक्ष्मजीवांकडून अन्नाचे काही प्रमाणात किण्वन होते. दुसऱ्यात जाठररस स्रवतो. पुढे मोठ्या अंधांत्रात पुन्हा किण्वन होते, आणि तेथे निर्माण झालेली ‘ब’ वर्गातील जीवनसत्त्वे स्वतःची विष्ठा खाऊन हा प्राणी परत मिळवितो. सूक्ष्मजीवांचा हा समतोल किती नाजूक आहे, हे प्रतिजैविकांच्या अभ्यासात दिसून आले. १९७७ मध्ये जॉन बार्टलेट व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, क्लिंडामायसिन दिलेल्या हॅमस्टरांच्या आतड्यात विष निर्माण करणारा क्लॉस्ट्रिडियम जातीचा जीवाणू माजतो व प्राणी दगावतो. माणसातील एका गंभीर बृहदांत्रदाहाचे कारण या कार्यामुळेच उलगडले. फळ म्हणजे प्रतिजैविक नव्हे. तथापि दाण्याला सरावलेल्या सूक्ष्मजीवांपुढे एकाएकी पाणी व साखर यांचा लोंढा आला, तर त्यांचा समतोल ढळून शौच पातळ होऊ शकते. इतक्या लहान शरीरात पाण्याचा साठा अल्प असल्याने अतिसार लवकरच जिवावर बेततो.

येथे एका रोगाचा वेगळा उल्लेख करणे अवश्य आहे. ‘ओले शेपूट’ या नावाने ओळखला जाणारा आतड्याचा रोग लॉसोनिया इंट्रासेल्युलॅरिस या जीवाणूमुळे होतो व नुकत्याच दूध सुटलेल्या पिल्लांत विशेष आढळतो. तो फळामुळे होत नाही. परंतु आहारातील अचानक बदल व स्थलांतराचा ताण त्यास पोषक ठरतात. दुकानातून घरी आणलेल्या पिल्लाला पहिल्याच दिवशी कौतुकाने फळ देणे म्हणजे दोन्ही कारणे एकत्र आणणे होय. शिवाय ‘फळ खाल्ल्यामुळे पोट बिघडले असेल’ अशा समजुतीने एक दिवस वाट पाहिली जाते, आणि या रोगात तेवढा एक दिवसच बहुधा निर्णायक असतो.

चौथे स्थान रक्तशर्करेच्या नियमनाचे. चिनी हॅमस्टरच्या काही अंतःप्रजनित वंशांत आनुवंशिक मधुमेह आपोआप उद्‌भवतो, असे मायर व येर्गानियन यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे हे वंश मधुमेहाच्या संशोधनासाठी जतन करण्यात आले. पाळीव बुटक्या जातींपैकी कॅम्पबेलचा हॅमस्टर व त्याचे संकरज यांनाही पशुवैद्य मधुमेहप्रवण मानतात. या जातींच्या बाबतीत गोड फळाचा प्रश्न केवळ पथ्याचा राहत नाही. तो आनुवंशिक प्रवृत्तीला चालना मिळण्याचा असतो. प्राणी नेहमीपेक्षा पुष्कळ पाणी पिऊ लागला, बिछाना वारंवार भिजू लागला व खाणे चालू असूनही वजन घटू लागले, तर मधुमेहाचा संशय घ्यावा व फळ तत्काळ थांबवावे.

मात्रेचे गणित

माणसाच्या दृष्टीला क्षुल्लक वाटणारा तुकडा हॅमस्टरच्या दृष्टीने केवढा असतो? पाच ग्रॅमची सफरचंदाची पातळ फोड घेऊ. सोनेरी हॅमस्टरचे वजन १२० ग्रॅम व माणसाचे ६० किलोग्रॅम धरले, तर वजनांचे प्रमाण १ : ५०० असे पडते. त्या हिशेबाने ही फोड माणसाच्या अडीच किलो सफरचंदांबरोबर होते. ही तुलना नेहमी केली जाते. परंतु ती अतिशयोक्त आहे. लहान प्राण्याचा चयापचय त्याच्या वजनाच्या मानाने अधिक वेगवान असतो. मॅक्स क्लायबर यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या संबंधानुसार चयापचयाचा वेग वजनाच्या पाऊण घाताच्या प्रमाणात बदलतो. ५०० चा पाऊण घात सुमारे १०६ येतो. म्हणजे पाच ग्रॅमची फोड माणसाच्या सुमारे ५३० ग्रॅम सफरचंदांशी, अर्थात तीन मध्यम फळांशी, तुल्य ठरते. अडीच किलोंपेक्षा हे पुष्कळ कमी असले, तरी नित्याच्या जेवणानंतरचा ‘थोडासा खाऊ’ म्हणून तीन सफरचंदे कोणी खात नाही.

हाच हिशेब उलट बाजूने करता योग्य मात्रा हाती येते. एक ग्रॅम सफरचंद सोनेरी हॅमस्टरला माणसाच्या सुमारे १०६ ग्रॅमसारखे, म्हणजे मध्यम फळाच्या अर्ध्याहून थोडे अधिक होते. ४० ग्रॅम वजनाच्या बुटक्या हॅमस्टरच्या बाबतीत वजनांचे प्रमाण १ : १५०० असून त्याचा पाऊण घात सुमारे २४१ येतो, म्हणून त्याला तेवढ्याच परिणामासाठी अर्धा ग्रॅम पुरतो. सेंटीमीटरभर बाजूचा सफरचंदाचा घन एक ग्रॅमला किंचित कमी भरतो. सोनेरी हॅमस्टरला असा एक, फार तर दोन घन आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, आणि बुटक्या हॅमस्टरला भिजलेल्या हरभऱ्याएवढा तुकडा आठवड्यातून एकदा, ही सावध मर्यादा होय. मधुमेहप्रवण जातींना गोड फळाऐवजी काकडीचा तुकडा देणे अधिक श्रेयस्कर. वनस्पतिशास्त्रदृष्ट्या काकडीही फळच असून तिच्यात साखर शंभर ग्रॅमला दोन ग्रॅमहूनही कमी असते.

या गणिताला आणखी एक बाजू आहे. सोनेरी हॅमस्टर दिवसाकाठी सुमारे १० ते १२ ग्रॅम दाणा खातो व त्या दाण्यात साधारण १५ ते २० टक्के प्रथिने असतात. सफरचंदात प्रथिने शंभर ग्रॅमला अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी असतात आणि ८५ टक्क्यांच्या आसपास पाणी असते. फळाने पोट भरले की तेवढा दाणा शिल्लक राहतो. म्हणून अतिरेकी फळाचा दोष त्यातील साखरेपुरता मर्यादित नाही. त्याच्यामुळे जे खाल्ले जात नाही, तेही हिशेबात धरले पाहिजे.

फळांची निवड

मात्रा निश्चित झाल्यावर निवडीचा प्रश्न सुलभ होतो. शंभर ग्रॅम गरातील साखर स्थूलमानाने स्ट्रॉबेरीत ५, कलिंगडात ६, पपईत ८, पेरूत ९, सफरचंदात १०, केळ्यात १२, आंब्यात १४ व द्राक्षांत १५ ते १६ ग्रॅम असते. वाण व पिकण्याची अवस्था यांनुसार या आकड्यांत फरक पडतो. तरीही त्यांवरून क्रम ठरविता येतो. कमी साखरेचे व तंतुमय फळ पसंत करावे. कलिंगडात साखर कमी असली तरी नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते; म्हणून त्याचा तुकडा अगदी लहान असावा. केळे व आंबा गोड तर आहेतच, शिवाय चिकट आहेत. गालपिशवीच्या दृष्टीने ते टाळणेच बरे. सुकामेवा हा तर सर्वांत फसवा प्रकार. द्राक्षाचा मनुका होताना पाणी उडते व साखर शंभर ग्रॅमला साठ ग्रॅमच्याही वर जाते; वरून तो दाढांना व पिशवीला चिकटतो.

बियांविषयी विशेष सावधगिरी हवी. सफरचंदाच्या बिया आणि जर्दाळू, पीच, आलुबुखार व चेरी यांच्या आठळ्यांतील गर यांत अमिग्डॅलिन हे द्रव्य असते. बी अखंड गिळली गेली तर ते बहुधा मुक्त होत नाही. परंतु चावली गेली तर त्यापासून हायड्रोजन सायनाइड निर्माण होते. हॅमस्टर बी गिळीत नाही. तो ती फोडूनच खातो. म्हणून बिया व आठळ्या आधीच काढून टाकाव्यात. अ‍ॅव्होकॅडोतील पर्सिन हे द्रव्य पक्षी, ससे, शेळ्या अशा अनेक प्राण्यांना विषारी ठरले आहे व त्या फळात स्निग्धांशही फार असतो. ते पूर्णतः त्याज्य समजावे. संत्री, मोसंबी व लिंबू ही आम्लधर्मी फळे तोंडाच्या व पिशवीच्या नाजूक अस्तराला झोंबणारी असल्याने न देणेच इष्ट.

देण्याची रीत

हॅमस्टरच्या बाबतीत नाहीसे झालेले अन्न म्हणजे खाल्लेले अन्न नव्हे. सिल्व्हरमन व झुकर यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले की, उपवासानंतर उंदरासारखे प्राणी जसे अधिक खाऊन भरपाई करतात, तशी सोनेरी हॅमस्टर करीत नाही. यातून दोन बोध निघतात. फळाची गोडी लागावी म्हणून दाणा रोखून धरणे हे सर्वथा चुकीचे आहे. गमावलेले पोषण हा प्राणी भरून काढीत नाही. आणि दिलेला तुकडा दिसेनासा झाला म्हणजे तो त्याला ‘आवडला’ असे समजून दुसरा देण्यापूर्वी साठवणीची जागा तपासली पाहिजे. धान्य बिळात महिनोन्‌महिने टिकते; फळ टिकत नाही. आपल्याकडील पावसाळ्यात दमट हवेत फळावर एका रात्रीत बुरशी धरू शकते, आणि ती लगतच्या दाण्यांतही शिरते. न खाल्लेले फळ दोन-तीन तासांत काढून घ्यावे. मात्र त्या वेळी संपूर्ण साठा उपसून टाकू नये, कारण साठा नष्ट झाल्याने हा प्राणी अस्वस्थ होतो.

बाकीची रीत साधी आहे. फळ वाहत्या पाण्याने धुऊन, पुसून, खोलीच्या तपमानाला आल्यावर द्यावे. हॅमस्टर जागा होतो त्या सायंकाळच्या वेळी ते द्यावे, म्हणजे ते खाल्ले जाते की लपविले जाते हे पाहता येते. एका वेळी एकच नवे फळ द्यावे व पुढील दोन-तीन दिवस विष्ठेवर लक्ष ठेवावे. अन्यथा बिघाड झाल्यास कारण उमगत नाही. दूध पिणाऱ्या वा नुकत्याच विलग केलेल्या पिल्लांना, घरी नव्याने आणलेल्या व आजारी प्राण्यांना फळ देऊ नये. आठवड्यातून एकदा वजन करून नोंद ठेवावी. शौच पातळ होताच फळ बंद करावे, पाणी समोर ठेवावे व शेपटाखालचा भाग ओला दिसल्यास किंवा प्राणी मलूल झाल्यास त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. घरातील उरलेले प्रतिजैविक औषध अंदाजाने देण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. बार्टलेट यांच्या प्रयोगातील हॅमस्टर अशाच वर्गातील औषधाने दगावले होते, आणि पेनिसिलीनसारखी नित्य परिचयाची औषधेही या प्राण्याला घातक ठरू शकतात.

एकंदरीत, फळांची यादी पाठ करण्यापेक्षा पिशवी, दाढ, आतडे व रक्तशर्करा या चार स्थानांचे स्मरण ठेवणे अधिक उपयुक्त आहे. यादीत नसलेले फळ समोर आले तरी त्यावरून निर्णय करता येतो. या चार स्थानांविषयीचे ज्ञान ज्या प्राण्यांवरील प्रयोगांतून मिळाले, त्यांच्याच वंशातील प्राणी आज घराघरांत वावरत आहेत. त्या ज्ञानाचा लाभ माणसाच्या दातांना, आतड्यांना व मधुमेहाच्या चिकित्सेला झाला. पिंजऱ्यातील हॅमस्टरलाही तो मिळावा, यासाठी फार काही लागत नाही. फोडीऐवजी एक लहानसा घन आणि दोन तासांनी बिळात टाकलेली एक नजर एवढे पुरेसे आहे.